एका पायाच्या टेबलाचा पायगुण

मी टेबल बोलतोय. गोल आहे, सागाचा आहे आणि मला पाय एकच आहे. पायाचं आधीच सांगून टाकतो, कारण या हकिकतीत पायांचा संबंध फार येतो. माणसं पायांवरून काय काय ठरवतात ते मी जवळून पाहिलंय. त्याबद्दल मी गोडीगुलाबीनं बोलेन, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

मी मूळचा घोटीचा. तिथल्या एका भाताच्या गिरणीच्या छपराखाली तुळई म्हणून कित्येक पावसाळे काढले. गिरणी बंद पडली, छप्पर उतरवलं आणि आम्हा तुळयांना रस्त्याच्या कडेला रचून ठेवलं. कोंड्याची धूळ अंगावर इतकी बसली होती की लाकूड ओळखूही येत नव्हतं. त्याच दिवशी समोरच्या घरात नाशिकची माणसं मुलगी बघायला आली होती.

मुलाचे वडील देवराम अंबडच्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. लोखंडाची जी वस्तू ओतायची तिची आधी लाकडात नक्कल करायची, मग ती नक्कल वाळूत दाबून साचा घ्यायचा. त्या नकला करणारा तो माणूस. त्यांनी पोहे खाल्ले, मुलीला दोन प्रश्न विचारले आणि बाहेर येऊन थेट माझ्यापाशी उकिडवे बसले. नखानं खरवडलं, वास घेतला.

त्यांची बायको यशोदाबाई भर रस्त्यात भडकली. "अहो, मुलगी बघायला आलोय का लाकडं?"

"मुलगी पसंत आहे," देवराम म्हणाले. "आता लाकूड बघतोय."

दारात उभी असलेली मुलगी पदर तोंडाला लावून हसली. तिचं नाव मनीषा. असे आम्ही दोघं घोटीचे, एकाच दुपारी पसंत पडलो.

इंदिरानगरात देवरामांचं बैठं घर होतं. घरासमोरच्या पडवीत त्यांनी मला घडवायला घेतलं. कामावरून आल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी रंधा चालायचा. गिरणीचा कोंडा निघून गेला आणि आतून पिवळसर तांबूस अंग बाहेर आलं. फळ्या जोडून वरचं पान केलं, जाड लाकूड लेथवर फिरवून मधला खांब काढला, खांबाखाली तीन पंजे बसवले. लोखंडाच्या यंत्रांसाठी लाकूड घासून घासून हा माणूस म्हातारा होत आला होता. घरासाठी तो पहिल्यांदाच काही करत होता.

शेजारच्या भागीबाई रोज येऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या.

"देवरामभाऊ, एका पायाचं कुठं टेबल असतं का? लंगडं दिसतंय."

"तुळशीवृंदावनाला किती पाय असतात, भागीबाई?"

"तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही."

यशोदाबाईंची तक्रार वेगळी होती. त्या घरात पुरुष आधी जेवायचे. मागून यशोदाबाई ओट्याला टेकून, उरलंसुरलं ताटात घेऊन एकट्या जेवायच्या. देवरामांना ते खुपायचं, पण सांगून काही बदलत नव्हतं. म्हणून त्यांनी तोडगा काढला तो लाकडात.

"मी नाही हो सगळ्यांबरोबर बसणार. वाढणार कोण?"

"भांडी मध्ये ठेवायची. ज्याला हवं तो हात लांब करेल."

"आणि तुम्ही कुठं बसणार? मानाची जागा कुठली?"

"गोल आहे. शोध तू मानाची जागा. सापडली तर मला सांग."

देवरामांच्या मुलाचं, महेशचं, मनीषाशी लग्न पंच्याण्णव सालच्या वैशाखात झालं. माझं पॉलिश नेमकं त्याच सकाळी वाळलं. वरात दारात आली तेव्हा माझं पान आत गेलेलं होतं आणि खांब उंबऱ्यात अडकला होता. नवी सून दारात ओवाळून घ्यायला उभी, आणि महेशचे मित्र माझा पाय तिरका करून आत घालतायत. देवराम ओरडले, "थांबा, थांबा! आधी हा पाय आत जाऊ द्या!" बायका खो खो हसल्या. मग तांदळाचं माप ओलांडून मनीषा आत आली.

म्हणजे त्या दिवशी त्या घरात पहिला पाय माझा पडला. हे पाहणारे पंचवीस-तीस लोक होते.

यशोदाबाई पहिल्यांदा नवऱ्याशेजारी जेवायला बसल्या तेव्हा त्यांचं लक्ष ताटाकडे नव्हतं, दाराकडे होतं. कोणी बघितलं तर? चौथ्या-पाचव्या दिवशी मात्र त्या महेशवर खेकसल्या, "ताटं वाढून किती वेळ झाला, तुझी वाट बघत बसायचं का आम्ही?" 'आम्ही' म्हणाल्या. देवरामांनी मान खाली घालून वरणात भात कालवला आणि हसू लपवलं. मनीषा घोटीच्या गिरणीतल्या उंदरांच्या गोष्टी सांगायची. त्यातले निम्मे उंदीर मी ओळखत होतो.

हे सुख पुरता महिनाभरही टिकलं नाही.

फाउंड्रीत ओतलेल्या मालाच्या जड पेट्या उचलायला साखळीची क्रेन होती. साच्यात अडकलेला पॅटर्न काढायला म्हणून देवरामांना खाली बोलावलं. पेटी वर टांगलेली होती. साखळीची एक कडी उघडली आणि पेटी खाली आली.

बातमी घेऊन गोटीराम आला. तो साचेवाला, देवरामांच्या शेजारी काम करणारा. अंगावर काळी वाळू तशीच होती. माझ्या कडेला दोन्ही हात टेकून तो उभा राहिला, त्याच्या बोटांचे ठसे पॉलिशवर उमटले.

"वहिनी, साखळी गेली. आम्ही सायबाला सांगत होतो, कडी झिजलीया, बदला. लय सांगितलं. उद्या बघू म्हनायचे. रोज उद्या."

यशोदाबाईंनी ते ऐकलं की नाही, मला सांगता येत नाही. मनीषानं ऐकलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

दहाव्याच्या दिवशी बायका जमल्या होत्या. भागीबाईंनी सुतकात दोन्ही वेळचं जेवण पोचवलं होतं, हे मी विसरलेलो नाही. बाई दुष्ट नव्हती. तिनं फक्त एक वाक्य टाकलं. "सून उंबऱ्याच्या आत आली आणि कर्ता माणूस बाहेर गेला. पायगुण म्हणतात तो काही उगाच नाही."

मग एकेक मान हलू लागली.

मला या शब्दाची चीड आहे, आणि का ते सांगतो. हा शब्द नव्या सुनेसाठी राखून ठेवलेला आहे. जावई दारात आला आणि महिन्यात सासरा गेला, तर जावयाच्या पायांकडे कोणी बघत नाही. कारखान्यात नवा साहेब आला आणि माणसं मेली, तर साहेबाचे बूट कोणी तपासत नाही. वीस वर्षांची पोर माप ओलांडून आत आली, की मात्र तिच्या पावलांवर साऱ्या गल्लीची नजर. बरं, पायावरच न्याय करायचा होता, तर पहिला पाय माझा होता. पंचवीस-तीस साक्षीदार होते. एकालाही ते आठवलं नाही. लाकडाला दोष देऊन कोणाचं समाधान होतं?

मग चौकशी आली. एक सरकारी माणूस आणि त्याच्याबरोबर कंपनीचे साहेब. कंपनीचं नाव मी सांगत नाही, ती आजही तिथंच आहे. दोघं माझ्याभोवती बसले. साहेबांनी माझ्या पानावरून हात फिरवला. "देवरामच्या हाताचं काम! काय सफाई होती माणसाच्या हातात." चहा आला. सरकारी माणसानं विचारलं, "ताई, घरच्यांचं काही म्हणणं आहे का? अपघात कशामुळे झाला असं तुम्हाला वाटतं?"

हा प्रश्न म्हणजे दार होतं. ते त्या घरासाठी एकदाच उघडलं होतं.

यशोदाबाईंनी डोळ्याला पदर लावला. "म्हणणं कुणाविरुद्ध असणार, साहेब? आमच्याच घरात आली तिचा पायगुण असा. दुसऱ्याला काय बोलायचं?"

कंपनीच्या साहेबांनी कप तोंडाला लावला. बाकीच्यांना कप दिसला, मला कपामागचं तोंड दिसलं. त्या माणसाच्या चेहऱ्यावरून एक ओझं उतरलं.

"नशिबापुढे कुणाचं चालतं, काकू," ते हळूच म्हणाले.

दारातून मनीषा बोलली, "गोटीरामकाका म्हणत होते, साखळीची कडी—"

"तू गप बस!" तिघं एकदम बोलले. सासू, नवरा आणि भागीबाई. सरकारी माणसानं एकदा वर बघितलं, मग घड्याळाकडे बघितलं आणि उठला.

कंपनीनं मोठ्या मनानं महेशला बापाच्या जागी घेतलं. यशोदाबाईंनी साहेबांच्या नावानं देवापुढे दिवा लावला. महेशला पॅटर्न काही करता येत नव्हते, त्याला साच्यांवर टाकलं. साखळीखाली. गोटीरामला त्याच वर्षी काढून टाकलं, तोंडाळ म्हणून. तो भद्रकालीच्या भाजीबाजारात हमाली करू लागला.

मनीषाची जागा त्या दिवसापासून माझ्याभोवती राहिली नाही. "तू आत बस," एवढंच यशोदाबाई म्हणाल्या. ती आत बसली. ओट्याला टेकून, सगळ्यांच्या मागून. मायलेक माझ्यावर जेवायचे, समोरासमोर, फारसं न बोलता. दूध नासलं, तिचे पाय. महेशला ताप आला, तिचे पाय. मूल होत नव्हतं, तर ते कुणाच्या माथी गेलं हे सांगायलाच नको. महेश कामावर निघताना तिनं समोर यायचं नाही, असा नियम झाला. तो निघायचा आणि ती मोरीच्या दाराआड उभी राहून त्याच्या चपलांचा आवाज दूर जाईपर्यंत ऐकायची.

संध्याकाळी तो परत आला, की त्याचा डबा घासायला घेता घेता ती एकच विचारायची.

"साखळी बदलली का?"

"तुला काय करायचंय?"

"बदलली का?"

"वेल्डिंग मारलंय."

"वेल्डिंग म्हणजे बदलणं नाही."

"हो का? इंजिनीअर झालीस का घोटीला?"

एकदा ती त्याच्यासमोर, माझ्या पानावर हात ठेवून उभी राहिली. इतक्या वर्षांत मला तिचा हात पहिल्यांदा लागला, एरवी ती मला फक्त पुसायची. म्हणाली, "बाजारात गोटीरामकाका भेटले होते. ते म्हणतात, वेल्डिंग मारलेली कडी शेजारच्या कडीला खाते. सगळे मिळून साहेबाला सांगा ना."

"सांगून गोटीरामचं काय झालं ते बघितलंस ना?"

"आणि न सांगून बाबांचं काय झालं?"

आतून यशोदाबाई ओरडल्या, "त्यांचं नाव तुझ्या तोंडी नको! कुणाच्या पायांनी गेले ते सगळ्या गल्लीला माहीत आहे."

मनीषा आतल्या दाराकडे वळली. आवाज चढवला नाही. "पाय माझे आहेत, आई. साखळी कंपनीची आहे."

त्या रात्री ती जेवली नाही. महेश जेवला, पण निम्मी पोळी ताटात टाकून उठला. तो भित्रा होता, वाईट नव्हता. भित्रेपणानं माणसं मरतात, हे मात्र त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

कुंभमेळ्याच्या आदल्या वर्षी गल्लीत वास्तूचं वेड शिरलं. याचं स्वयंपाकघर फोड, त्याचा संडास हलव, असं सुरू झालं. भागीबाईंनीच एक सल्लागार आणला. सफारी, कपाळाला गंध, हातात होकायंत्र. घरभर फिरून तो माझ्यापाशी थांबला आणि त्यानं जीभ चावली.

"हे कोणी ठेवलं इथं?"

"आमच्या ह्यांनी केलं होतं," यशोदाबाई म्हणाल्या.

"घराच्या ऐन मध्यात भार. आणि तोही एका पायावर! अहो, ज्या घराच्या पोटात एकपायी वस्तू असते, त्या घराला आधार एकच राहतो. दोन कर्ते पुरुष टिकतच नाहीत. एकाला जावंच लागतं. हे कधी आणलं घरात?"

"पोराच्या लग्नात..." यशोदाबाई उंबऱ्याकडे बघत म्हणाल्या. "त्यांनीच म्हटलं होतं, आधी हा पाय आत जाऊ द्या."

अखेर आठवलं! सांगायला हरकत नाही, मला आनंद झाला. सात वर्षं त्या पोरीच्या पायांवर लादलेलं ओझं माझ्या पायावर येत होतं. म्हटलं, लादा. मी लाकूड आहे, मला सोसेल. यशोदाबाई धावत स्वयंपाकघरात गेल्या आणि मनीषाचे दोन्ही हात धरून तिला बाहेर घेऊन आल्या. ढसाढसा रडत होत्या.

"मने, अगं तू नव्हतीस गं! हे मेलं टेबल होतं! मी उगाच तुला बोलले. आजपासून तू माझ्या शेजारी बसून जेवायचं."

भागीबाईंनीही डोळे पुसले. सल्लागार प्रसन्न झाला. सगळे मनीषाकडे बघत होते. आता ही पाया पडणार, रडणार.

मनीषानं हात सोडवून घेतले.

"आधी माझे पाय होते, आता टेबलाचा आहे. आई, टेबल बाहेर गेलं म्हणजे साखळी नवी होणार आहे का?"

"कसली साखळी?" सल्लागारानं विचारलं.

"काही नाही हो, तिचं खूळ आहे," यशोदाबाई म्हणाल्या आणि तिच्याकडे वळल्या. "तुला सोडलं तरी तुझं तोंड चालूच?"

"मला सोडू नका. साखळीला धरा."

"बघा," भागीबाई कुजबुजल्या, "चांगलं केलं तरी वाकडंच."

त्याच संध्याकाळी महेशनं आणि शेजारच्या दोघांनी मला उचलून मागच्या अंगणात, कपडे धुवायच्या दगडाशेजारी ठेवलं. आत घरात चार पायांचं टेबल आलं, दुकानातलं, चौकोनी. यशोदाबाईंनी मनीषासाठी ताट मांडलं. ती आपलं ताट घेऊन मागच्या दारानं बाहेर आली आणि माझ्यावर ठेवून जेवली. दुसऱ्या दिवशीही आली. यशोदाबाई आतून हाका मारत राहिल्या, ती "इथंच बरं आहे" म्हणाली.

पण वाईट गोष्ट वेगळीच झाली. महेशची भीती गेली. इतकी वर्षं तो निदान त्या पेटीकडे एक डोळा ठेवून काम करायचा. आता शीळ घालत कामावर जाऊ लागला. मनीषानं विचारलं तर म्हणाला, "आता कशाला घाबरायचं? दोष बाहेर काढलाय ना. साखळी काय, आभाळ पडलं तरी मला काही होत नाही."

ताटावर बसलेली मनीषा त्याच्याकडे बघत राहिली. घास हातातच राहिला.

पुढं काय झालं ते मला त्यांच्या भांडणातून कळलं. ती गोटीरामला घेऊन पाळी सुटायच्या वेळी कारखान्याच्या गेटवर गेली होती.

"सगळ्या शिफ्टसमोर माझी लाज घालवलीस!" महेश ओरडला. "काय ओरडलीस? 'माझ्या नवऱ्याला त्या साखळीखाली उभं करू नका!' पोरं माझ्यावर हसली. म्हणे, महेशला बायको आणायला येते शाळेतून!"

"हसू देत."

"साहेब काय म्हणाले माहीत आहे? घरी बायको साहेब आहे ना, मग घरीच बस. उद्यापासून येऊ नकोस म्हणाले!"

मनीषानं डोळे मिटले. मला वाटतं, तिनं श्वास सोडला. "बरं झालं," ती म्हणाली.

महेशनं माझ्यावरचं तिचं ताट भिरकावून दिलं. यशोदाबाईंनी पुन्हा तिच्या पायांना दोष दिला. टेबलावरून उतरलेला दोष एका दिवसात मूळ जागी परत गेला. महेश टेम्पोवर जाऊ लागला, घोटीहून तांदळाची पोती आणायला. बायकोशी बोलणं त्यानं सोडलं.

महेशच्या जागी कंपनीनं ठेकेदाराचा माणूस घेतला. सुरगाण्याकडून भाताची कापणी उरकली की जीप भरभरून माणसं नाशिकला कामाला येतात. त्यातलाच एक, चिमाजी. ठेकेदाराचा माणूस म्हणजे कंपनीचा माणूस नाही, म्हणजे कोणाचाच नाही.

थंडी संपत आली होती, त्या सुमारास एका सकाळी गोटीराम मागच्या अंगणात येऊन उभा राहिला. त्यानं काही सांगायच्या आधीच मनीषाला कळलं.

"तुटली?"

"तुटली."

"कोण होतं खाली?"

"चिमाजी. सुरगाण्याकडला. कालच नेलं गावाला."

यशोदाबाई मागच्या दारात आल्या होत्या. त्यांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. "टेबल वेळेवर बाहेर काढलं, म्हणून माझं लेकरू वाचलं." आत गेल्या आणि देवापुढे साखर ठेवली. मी खोटं सांगत नाही. एक माणूस मेल्याच्या बातमीवर त्या घरात साखर वाटली गेली. वाटीतली चिमूट मनीषापुढे आली.

"नको," ती म्हणाली. "मी फक्त माझा माणूस बाहेर काढला, आई. साखळी तिथंच ठेवून आले."

मग तिनं गोटीरामला एक प्रश्न विचारला. तो प्रश्न ऐकून माझ्या पानातून चीर गेली असती तरी नवल नव्हतं.

"लग्न कधी झालं होतं त्याचं?"

"गेल्याच वैशाखात," गोटीराम म्हणाला. "ठमाबाई का काय नाव हाय बायकोचं. पोरच हाय."

मनीषा उठली. चपला घातल्या. यशोदाबाई विचारतायत कुठं निघालीस, कशाला निघालीस. तिनं गोटीरामकडून पाड्याचं नाव विचारून घेतलं आणि सुरगाण्याची जीप पकडायला गेली. तिला त्या घरी, कोणी काही बोलायच्या आत पोचायचं होतं.

परत आली ती दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीला. माझ्याजवळच्या दगडावर बसली. महेश टेम्पो लावून मागच्या दारानं येत होता. तो तिला बघून थांबला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तो आपणहून बोलला.

"पोचलीस?"

"उशीर झाला," ती म्हणाली. "घरात सगळे होते, ठमाबाई नव्हती. विचारलं, तर घरामागं नागलीच्या पेंढ्यांशी एकटी बसवलेली. कोणी तिच्याशी बोलत नव्हतं. माझ्याआधी कुणीतरी तो शब्द बोलून गेलं होतं."

महेशनं टेम्पोची किल्ली माझ्यावर ठेवली.

"मग मी अंगणात उभी राहिले आणि सांगितलं. तुमचा माणूस हिच्या पायांनी गेला नाही, साखळी तुटून गेला. माझा सासराही त्याच साखळीनं गेला. एक बाई म्हणाली, ही कोण नाशिकची शहाणी आली? दुसरी म्हणाली, दारू पाजून कुणी पाठवलीय. मी सांगतच राहिले. चिमाजीचा म्हातारा बाप खाटेवर पडून होता, तोंड भिंतीकडे करून. तो उठून बसला."

"मग?"

"त्यानं विचारलं, 'कोनची साखळी, बाय?'"

महेश माझ्या कडेला धरून खाली बसला. त्याच्या बापाच्या घरात इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणीही विचारला नव्हता. त्यानंही नाही.

"सगळं सांगितलं त्यांना," मनीषा म्हणाली. "ठमाबाईला बोलावून आणली, तिच्यासमोर सांगितलं. म्हातारा म्हणाला, मला ती साखळी दाखव. सोमवारी कारखान्यावर येतायत ते, ठमाबाईला घेऊन. गोटीरामकाका येणार आहेत. पण त्यांनी ती साखळी अलीकडं पाहिलेली नाही. वेल्डिंग कुठल्या कडीला मारलं, कुणी मारायला सांगितलं, हे बघितलेला माणूस एकच आहे. तुम्ही बोलाल ना?"

आतून यशोदाबाईंनी जेवायला हाक मारली. महेश उठला नाही. मनीषानं दुसरं ताट आणलं, माझ्यावर ठेवलं आणि आत निघून गेली. वाढलेलं तसंच गार झालं.

आज रविवार. माझी अवस्था सांगायची, तर पंज्यांना वाळवी लागली आहे, साबणाच्या पाण्यानं पॉलिश उडालंय, पानाचा एक सांधा सुटलाय. येत्या पावसाळ्यात मी बहुतेक खाली बसेन. त्याचं मला काही नाही. अशा आत्मकथेच्या शेवटी विनंती करायची असते म्हणतात. ती मला तुम्हाला करायची नाही. महेश सकाळपासून माझ्यासमोर बसून आहे, विनंती त्याला आहे.

महेश, उद्या तो म्हातारा एवढ्या लांबून प्रश्न घेऊन येतोय. मला तोंड नाही. तुला आहे.